ट्रंकवाल्या बाईंचा सर्व्हर

आमच्या जळगावच्या घरमालकीणबाई जितक्या माणसांशी बोलल्या असतील तितक्यांशी एखादा मुख्यमंत्रीही बोलला नसेल, आणि त्या जितक्या कमी माणसांना भेटल्या तितक्या कमी माणसांना एखादा हिमालयातला साधूही भेटला नसेल. उभी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात काढली. कानाला हेडसेट, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. आणि त्या दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला अख्खा जिल्हा. जामनेरचा आडत्या, चोपड्याचा वकील, पारोळ्याचा डॉक्टर, सगळ्यांचे खोकले त्यांना वेगवेगळे ओळखता येत. चेहरा मात्र एकाचाही माहीत नव्हता, आणि माहीत करून घ्यावा अशी त्यांना कधी निकडही वाटली नाही. सारी कॉलनी त्यांना ट्रंकवाल्या बाई म्हणे. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. माझ्या बायकोने एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की मागणी घालायला येणारे सगळे समोर येऊन गप्प बसायचे.

मी तेव्हा तिथल्या एका कॉलेजात संगणक शिकवत असे आणि बाईंच्या माडीवर भाड्याने राहत असे. पहिल्याच आठवड्यात न्हाणीघराचं छत गळतं हे सांगायला खाली गेलो. दार वाजवल्यावर आतून आवाज आला, "कोण बोलतंय?" कोण आलंय हे विचारण्याची त्यांची ही पद्धत. मी नाव सांगितलं, आत गेलो, गळती वर्णन करू लागलो. बाई पाठमोऱ्या बसून शांतपणे ऐकत होत्या. मी जरा रंगात आलो तोच त्या म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" ट्रंक कॉल तीन-तीन मिनिटांनी वाढवून घ्यावा लागे, तिथला हा प्रश्न; पुढे मला त्याची सवय झाली. सांत्वनाला आलेल्यांना, मत मागायला आलेल्या उमेदवाराला, सत्यनारायणाची कथा सांगणाऱ्या गुरुजींनाही त्यांनी तो विचारलेला मी ऐकला आहे. गुरुजींनी वाढवली नाही.

माणूस ओळखायचा तो आवाजावरून, डोळ्यांवर विसंबू नये, असं त्यांचं मत होतं. एकदा माझ्या बायकोबरोबर त्या एका मारवाडी कापडवाल्याच्या दुकानात गेल्या. गादीवर बसलेल्या शेठजींकडे त्यांनी खांबाकडे पाहावं तसं पाहिलं. शेठजींनी नोकराला "वो हरा थान दिखाओ" म्हटलं मात्र, बाई गर्रकन वळल्या आणि त्यांनी विचारलं, "आईंचा गुडघा कसा आहे आता?" शेठजींची आई राजस्थानात होती, आणि दर रविवारी त्यांचा तिकडे कॉल लावून देणाऱ्या बाई याच, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी तागा बाजूला ठेवला आणि उठून नमस्कार केला. बाईंनी नमस्कार घेतला, पण त्यांना तो थोडा खाजगीतला वाटला असावा. परतताना म्हणाल्या, "आवाजापेक्षा म्हातारे दिसतात."

पुढे एक्स्चेंज आपोआप चालू लागलं. लोक स्वतःच नंबर फिरवू लागले, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी दुकानं झाली, आणि बाई निवृत्त होऊन घरी आल्या. घरात फोन होता. तो वाजत नसे. जिल्हाभरच्या लोकांना त्यांचा आवाज ठाऊक होता, पण त्यांचा नंबर लावायचं कारण कोणाकडेच उरलं नव्हतं. दुपारी मी कॉलेजातून परतत असे तेव्हा त्या फोनशेजारच्या खुर्चीवर बसलेल्या दिसत. काही वाचत नसत, काही विणत नसत. ड्युटीवर असल्यासारख्या ताठ बसलेल्या असत.

फोन करणारं जगात एकच माणूस शिल्लक होतं, ते म्हणजे धुळ्याची अक्का. जळगाव एक्स्चेंजला बाई तशी धुळे एक्स्चेंजला अक्का. साक्री, शिरपूर, नवापूरकडचं काहीही हवं असलं की बाई धुळं मागत आणि पलीकडून अक्का बोलत. लाइन मिळेपर्यंतच्या फटीफटींत या दोघींनी वर्षानुवर्षं एकमेकींना सगळं सांगितलं होतं. बाई पेठेतल्या शाळेची मराठी बोलत, अक्का अस्सल अहिराणी. अक्काचं लग्न, अक्काचं वैधव्य, बाईंच्या वडिलांचं आजारपण, भरताला वांगी कोणती घ्यावीत, हे सारं त्या तारेवरून झालं होतं. भेटल्या मात्र एकदाही नव्हत्या. जळगाव-धुळे म्हणजे बसने सकाळी निघालं तर जेवायला पोहोचावं एवढंच अंतर. मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "रोज बोलतो की. भेटून निराळं काय करायचं?"

मग अक्काला ऐकू येईनासं झालं. आधी ती "काय?" फार म्हणू लागली. मग बाई विचारीत एक आणि ती उत्तर देई भलतंच. बाईंनी लाइनला दोष दिला, दोनदा लाइनमन बोलावून तार बदलून घेतली. शेवटी एक दिवस अक्काच्या मुलाने फोन घेतला आणि सांगितलं की आईला आता यंत्र लावूनही ऐकू येत नाही. ती नुसती कानाला लावून बसते आणि रडते, तर फोन करू नका.

बाईंनी हे मला जिन्यात गाठून सांगितलं. मी म्हटलं, पत्रं लिहा. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. पत्र म्हणजे एकट्याने बडबडणं, त्यात मध्येच कोणी "हं" म्हणत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि मग त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या त्या कॉम्प्युटरवर 'हं' म्हणता येतं का?"

येत होतं. अक्काच्या मुलाचं धुळ्याच्या देवपुरात एसटीडीचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत तीन संगणकांचा छोटा क्लास. त्यातल्या एका संगणकाने बाईंच्या घरचा नंबर फिरवायचा, बाईंच्या घरच्या संगणकाने तो उचलायचा, आणि त्यावर आपण एक वेब सर्व्हर चालवायचा. म्हणजे पलीकडे अक्काला एक पान दिसेल. तिने लिहिलेलं बाईंना, बाईंनी लिहिलेलं तिला. त्यासाठी तीन गोष्टी लागतील, हे मी बाईंना समजावून दिलं: पान दाखवणारा सर्व्हर, लिहिलेलं सांभाळणारा डेटाबेस, आणि या दोघांमध्ये निरोप नेणारी स्क्रिप्ट. मी मनात धरलं होतं की हे सगळं मी करीन आणि त्या चहा करतील. बाईंनी चहा केला आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या कीबोर्डसमोर होत्या आणि मी शेजारी.

संगणक आला होता, तो बैठकीतल्या फोनशेजारी मांडला. वीज जाते म्हणून ट्रकची बॅटरी आणून दिवाणाखाली ठेवली. बाईंनी तिच्यावर भरतकाम केलेला रुमाल घातला. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली होती, ती आम्ही घातली. सर्व्हर पहिल्याच दिवशी उभा राहिला. डेटाबेस दोन दिवसांनी आला. पण स्क्रिप्ट सर्व्हरशी बोले, डेटाबेस माझ्याशी बोले, आणि स्क्रिप्ट डेटाबेसशी काही केल्या बोलेना. बाईंनी पडद्यावरचे लाल शब्द वाचले आणि म्हणाल्या, "म्हणजे जामनेर लागतंय, भुसावळ लागतंय, पण जामनेरहून भुसावळ लागत नाही." इतकं नेमकं निदान माझ्या वर्गात अजून कोणी केलेलं नाही. शेवटी सापडलं की स्क्रिप्टचं नाव डेटाबेसच्या दप्तरी नोंदवायचं मी विसरलो होतो, म्हणून तो तिला दारातून परत पाठवत होता. बाईंनी डेटाबेसचीच बाजू घेतली. नाव न सांगणाऱ्याला लाइन देऊ नये, हे त्यांच्या रक्तातच होतं.

स्क्रिप्ट लिहायला त्या शिकल्या ते एखाद्याने साठीत पोहायला शिकावं तशा, म्हणजे नाकातोंडात पाणी जात असताना काठावरच्यांकडे न बघता. डेटाबेस म्हणजे साठवण्याची जागा, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पहिली स्क्रिप्ट होती ती पुसण्याची: दिवसाचं बोलणं संपलं की सगळी वाक्यं काढून टाकायची. मी हळहळलो. बाई म्हणाल्या, दोघींचं बोलणं दोघींपुरतं, एक्स्चेंजने ते ठेवून घ्यायचं नसतं. तेव्हापासून खानदेशात बहुधा एकच डेटाबेस असा होता की जो रोज संध्याकाळी रिकामा होऊन झोपत असे. चुकीचं पान मागितलं की सर्व्हर जी इंग्रजी पाटी दाखवतो ती काढून त्यांनी तिथे लिहिलं, "आपण मागितलेला क्रमांक अस्तित्वात नाही. तसदीबद्दल क्षमस्व." ही पाटी जगात दोनच माणसांना दिसू शकत होती, पण तिच्यातल्या क्षमस्वसाठी त्या एक अख्खी दुपार अडल्या होत्या.

एका गोष्टीवर आमचं भांडण झालं. फोन वाजला की संगणकाने तो आपोआप उचलावा अशी सोय मी केली होती. बाईंनी ती काढायला लावली. वाजणारा फोन माणसाने उचलायचा. मग रोज दुपारी चारच्या सुमारास फोन वाजे, बाई रिसीव्हर कानाला लावीत आणि म्हणत, "जळगाव." पलीकडे माणूस नसे. धुळ्याचा संगणक थांबून थांबून बारीक टुक-टुक करत असे. बाई ते अदबीने ऐकून घेत आणि म्हणत, "देते," आणि मग मॉडेमला फोन उचलायची आज्ञा देत. त्याची ती किंचाळी-घरघर सुरू झाली की रिसीव्हर हलकेच ठेवीत. एवढा सगळा शिष्टाचार एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला हाक मारण्यासाठी. पहिल्यांदा मी हसलो. नंतर मी जिन्यावर असलो तर तो "देते" ऐकू येईपर्यंत थांबत असे.

दोघी इंग्रजी अक्षरांत आपापली भाषा लिहीत. अक्का पहिल्या दिवशी काय लिहील याची आम्हाला धास्ती होती. पान थरथरलं आणि ओळ उमटली, "मी बरी शे. तू काय करी ऱ्हायनी?" बाईंनी चष्मा काढून पुसला. मग एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं, "हं."

असं वर्षभर चाललं असेल. मग मधे फोन वाजेना. अक्का पडली होती, मांडीचं हाड दुखावलं होतं आणि मागच्या खोलीपर्यंत चालणं बंद होतं. मुलाने तसं कळवलं होतं, काळजीचं नव्हतं, तरी त्या दिवसांत बाईंचा पुन्हा फोनशेजारी ताठ बसण्याचा कार्यक्रम सुरू झाला. अक्का काठी घेऊन परत संगणकासमोर आली त्याच संध्याकाळी बाई माडीवर आल्या. जिना चढून त्या कधीच येत नसत. दारातच म्हणाल्या, "सर, रविवारी धुळ्याला जायचं. तुम्हाला वेळ आहे ना?"

अक्काच्या मुलाला आमची सर्व्हरची मांडणी आपल्या क्लासच्या पोरांना दाखवायची होती, म्हणून मी सीडीबरोबर बाईंच्या स्क्रिप्टची फ्लॉपीही घेतली. बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या. वाटेतलं एकेक गाव त्यांनी आयुष्यभर बोर्डावरचं भोक म्हणून पाहिलं होतं. पारोळ्याला बस थांबली तेव्हा बराच वेळ बाहेर पाहून त्या म्हणाल्या, "हे पारोळा होय. कॉल फार असायचे. मला वाटलं मोठं असेल."

देवपुरात दुकानासमोर अक्का उभी होती. पहिल्या दिवशी दाराआडून आलेल्या बाईंच्या आवाजावरून मला त्या धिप्पाड वाटल्या होत्या आणि प्रत्यक्षात त्या चिमणीएवढ्या निघाल्या होत्या. बाईंच्या बोलण्यातून माझ्या मनात उभी राहिलेली अक्का लहानखुरी होती, आणि इथे नेमकं उलटं. काठी टेकूनही ती दाराच्या चौकटीला लागत होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव आला: नंबर चुकला.

आत गेलो. चहा आला, शेव आली. दोघी समोरासमोर बसल्या आणि गप्प. बाई काहीतरी बोलल्या, पण एक्स्चेंजच्या त्या मऊ, खालच्या पट्टीत. अक्काला ओठ हललेले दिसले, एवढंच. अक्काच्या सुनेने सांगितलं, मोठ्याने बोला. बाईंना मोठ्याने बोलता येत नव्हतं. उभ्या नोकरीत त्या ओरडल्या नव्हत्या. मुलाने वही-पेन आणून ठेवलं. दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते उचलून नेलं. समोरासमोर बसून चिठ्ठ्या लिहायच्या म्हणजे दुसरीने आपल्याला लिहिताना बघायचं, आणि या दोघींनी आजवर एकमेकींना बोलताना पाहिलं नव्हतं. अक्का पदराशी चाळा करू लागली. बाईंनी कपबशीतला उरलेला चहा तीनदा प्यायल्यासारखं केलं. मला वाटलं, आपण हे काय करून बसलो.

अक्काच्या मुलाला आणि मला एकदमच सुचलं असावं. आम्ही मागच्या खोलीत गेलो. तीनही संगणक तारेने जोडलेले होते. एकावर सर्व्हर उभा करायचा, उरलेल्या दोनांवर या दोघींना बसवायचं. घरी जे करायला आठवडा लागला होता ते तिथे बाहेरच्या खोलीतली शांतता ऐकत करायचं होतं. सीडी अडली. मग सर्व्हर उठला, डेटाबेस उठेना. घामाने माझी बोटं कळांवरून घसरत होती आणि मुलगा मला पंख्याने वारा घालत होता. मधे वळून पाहिलं तर दोघी दारात उभ्या, एक आमच्या पडद्याकडे आणि दुसरीही पडद्याकडेच बघत. या वेळी स्क्रिप्टचं नाव दप्तरी घालायला मी विसरलो नाही.

दोन संगणक दोन भिंतींना होते, त्यामुळे बसल्यावर दोघींच्या पाठी एकमेकींकडे झाल्या. बाईंनी लिहिलं, "जळगाव." अक्काच्या पडद्यावर ते उमटलं आणि तिची काठी हातातून सुटून पडली. तिने लिहिलं, "बोल जळगाव, धुळं शे." मग जराशाने, "तू इतली बारीक शे? माले वाटे चांगली उंच व्हशी." बाईंनी उत्तर दिलं, "आणि तू इतकी उंच. जरा वाकून बोल." आणि त्या खोलीत दोन म्हाताऱ्या पाठमोऱ्या बसून, एक शब्दही न बोलता, खांदे हलवत हसू लागल्या. आम्ही दोघे बाहेर आलो. जोडून दिल्यावर ऐकत थांबायचं नसतं, एवढं मी बाईंकडून शिकलो होतो.

आम्ही रस्त्यावर उसाचा रस पीत होतो तेव्हा वीज गेली. धावत आत आलो. पडदे काळे झाले होते. दोघींनी खुर्च्या वळवल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लागला होता, आणि अक्का बाईंचा डावा कान चिमटीत धरून पाहत होती. हेडसेटने वर्षानुवर्षं दाबून दाबून बाईंचा तो कान डोक्याला चिकटल्यासारखा झाला होता. मग अक्काने केस मागे सारून आपला कान पुढे केला. तोही तसाच. बाईंनी त्यावर बोट फिरवलं. वीज लवकर आली नाही, आणि कोणी तिची चौकशीही केली नाही.

परतीच्या बसमध्ये बाई एकदाच बोलल्या. "माणूस चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "पण लाइनवरच बरं."

पुन्हा भेट झाली नाही. चारचा फोन चालू राहिला. नंतर एका हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की जिन्यात थांबूनही "देते" ऐकू येत नाही. दोन-तीन दिवस वाट पाहून मी खाली गेलो आणि विचारलं. बाई म्हणाल्या, "धुळे आता लागत नाही, सर." फोन चारलाच वाजला होता. त्यांनी नेहमीसारखं "जळगाव" म्हटलं होतं, पण टुक-टुक आली नाही. पलीकडे अक्काचा मुलगा होता, आणि रडत होता. बाईंनी त्याला रडू दिलं. किती वेळ, ते त्यांनी मोजलं नव्हतं.

संगणक मात्र त्यांनी चालूच ठेवला. दिवाणाखालची बॅटरी, पंख्याची घरघर, पडद्यावर रिकामं पान. जवळजवळ संक्रांतीपर्यंत तसंच होतं. मग एका दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि हे रीतसर बंद कसं करायचं ते विचारलं. नुसतं बटण दाबून घालवणं त्यांना बरं वाटत नव्हतं. मी आधी सर्व्हर थांबवला, मग डेटाबेस. सवयीने विचारलं, काही उतरवून ठेवू का? त्या म्हणाल्या, "आहे काय त्यात?" खरंच काही नव्हतं. शेवटची आज्ञा दिली. पंखा मंदावत गेला आणि थांबला. तो इतके दिवस एवढा आवाज करत होता हे तेव्हा कळलं, कारण खोलीत एकदम काहीच उरलं नाही. बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची साखळी ऐकू आली.

बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी उठावं की बसावं ते मला कळेना.

"आता तुम्ही काहीतरी बोला, सर," त्या म्हणाल्या.

वर्गात तासन्‌तास बोलणारा मी खुर्ची जवळ ओढून बसलो. मग मी कॉलेजातल्या एका पोराची गोष्ट सुरू केली, जो साक्रीहून तोंडी परीक्षेला आला आणि चुकून शेजारच्या खोलीत शिपायाच्या जागेसाठी चाललेल्या मुलाखतीला बसून पासही झाला. गोष्ट तशी छोटी होती. बाईंनी विचारलं, "मग पुढे?" पुढे काही नव्हतं. मी त्याला शिपायाची टोपी दिली, त्याची आई आणली, साक्रीचा बाजार आणला. ऊन भिंतीवरून उतरत खाली आलं. गोष्ट केव्हाच संपली होती. मी ती लांबवत राहिलो.